पुढच्या रविवारी चर्चमधे साक्ष द्यायची आहे, धन्यवाद कसा म्हणू कळेना झालंय

निळी_छत्री
जय ख्रिस्त सगळ्यांना. कोल्हापूरचं कोण असेल तर जरा वाचा, बाहेरचे असाल तरी चालेल.

विषय असा की आमच्या ह्यांना शिरोली एमआयडीसीत एकदाचं पर्मनंट केलं. फौंड्रीत आहेत. इतकी वर्षं कॉन्ट्रॅक्टवर, मधेच ब्रेक, ब्रेक लागला की घरात कुकरची शिट्टी सुद्धा मोठी वाटायची. सासूबाई रोज पहाटे उठून ह्याच एका विषयावर प्रार्थना करायच्या, गुडघे गेले त्यांचे (संधिवातानं गेले, पण त्या सगळ्यांना प्रार्थनेनं गेले असंच सांगतात). तर पत्र हातात आलं, आम्ही घरी प्रार्थना केली, रडलो बिडलो, रविवारी उपकारस्तुतीच्या दानाचं पाकीट टाकलं. इथपर्यंत सगळं बरोबर.

आता पाळकसाहेब म्हणाले पुढच्या रविवारी हंगामाचा सण आहे, चर्चच्या मंडळीपुढं दोघं उभे राहून साक्ष द्या, म्हणजे देवानं काय केलं ते सांगा. आणि मी अडकले. कारण ज्या यादीत ह्यांचं नाव आलं त्याच यादीतनं आमच्याच चर्चमधल्या एका भावाचं नाव गळालं, ते आता घरी बसून आहेत आणि त्यांची बायको माझी मैत्रीण, महिला मंडळात आम्ही शेजारी बसतो, तिनं मला पेढे खाऊन मिठी मारली पण मी तिच्यासमोर उभं राहून ‘देवानं आमची प्रार्थना ऐकली’ म्हणायचं म्हणजे तिची नाही ऐकली असंच झालं ना?

मागं एकदा एका अंकलनी साक्ष दिली होती, २०१९ ला पाणी आमच्या पायरीपर्यंत आलं आणि थांबलं, प्रभूची स्तुती असो. मागच्या बाकावर जी फॅमिली होती त्यांचं घर पत्र्यापर्यंत पाण्यात गेलेलं. त्यांनी पण ‘आमेन’ म्हटलं. मला ते आमेन अजून आठवतं.

गप्प बसावं तर कृतघ्नपणा, बोलावं तर हे. तुम्ही काय करता?

पेटीवाला
ताई अभिनंदन!! स्तुती असो! एवढा विचार करायचा नाही हो, बिनधास्त द्या साक्ष. दहा कुष्ठरोगी बरे झाले आणि आभार मानायला परत आला एकच, तो पण शोमरोनी, म्हणजे परका, बाकी नऊ कुठं आहेत म्हणून प्रभूनं विचारलं की नाही? बायबलात लूक १७. तुम्ही त्या एकात आहात, नवात जाऊ नका. लोकाला काय वाटेल ते लोक आणि प्रभू बघून घेतील.

खवचट_मिरची
लूक १७ वाचलात तर पान उलटून १८ पण वाचा पेटीवाले. तिथं एक गृहस्थ मंदिरात उभे राहून प्रार्थना करतात आणि सुरुवातच आभारानं आहे. देवा तुझे आभार मानतो की मी बाकीच्या लोकांसारखा नाही, आठवड्यातनं दोनदा उपास करतो, दशांश देतो. परूशी, म्हणजे कडक धर्म पाळणारा. आणि नीतिमान ठरून घरी कोण जातो, तर लांब उभा राहिलेला जकातदार, ज्यानं आभाराचा एक शब्द उच्चारलेला नाही. म्हणजे ‘देवा तुझे आभार’ म्हटलं की काम झालं असं काही नाही. ‘पाणी आमच्या पायरीला थांबलं’ मधे आणि ‘मी त्यांच्यासारखा नाही’ मधे किती इंचाचं अंतर राहतं ते मोजा.

पेटीवाला
ताईंना परूशी म्हणता काय राव

खवचट_मिरची
ताईंना नाही, त्या अंकलना पण नाही. पद्धतीला म्हणतोय. साक्षीचा आपल्याकडं एक साचाच झालाय. आधी अडचण, मग प्रार्थना, मग मिळालं, मग हालेलुया. ज्याला मिळालं नाही तो कधीच माईकपाशी जात नाही, त्यामुळं बाहेरच्याला वाटतं आपल्या चर्चमधे सगळ्यांना सगळं मिळतं. मी गेली काही वर्षं जातच नाही फारसा, त्यातलं हे एक कारण. ताईंनी प्रश्न विचारला हेच मला भारी वाटलं.

नाईट_ड्युटी
निळी छत्री, मी नर्स आहे त्यामुळं हा प्रश्न माझा रोजचाच. एका बेडचा पेशंट डिस्चार्ज होतो, नातेवाईक पेढे वाटतात, आणि पलीकडच्या बेडचे लोक तोच पेढा हातात धरून बसलेले असतात, खाता पण येत नाही टाकता पण येत नाही. कोविडमधे तर विचारू नका. आणि आमच्याकडं तर जुलै २०२१ मधे कोविड आणि पूर दोन्ही एकदमच आले.

त्या काळात एक सीनियर सिस्टर होत्या, आता रिटायर झाल्या. त्यांचं असं की वॉर्डात मोठ्यानं ‘देवाचे आभार’ कधी म्हणायच्या नाहीत. पण शिफ्टला आल्या की हात धुताना एकेकाचं नाव घेऊन पुटपुटायच्या. ह्यानं रात्र काढली, धन्यवाद. हिनं दोन चमचे पेज खाल्ली, धन्यवाद. सिलेंडर वेळेवर आला, तो चढवणाऱ्या पोराबद्दल धन्यवाद. आणि जो गेला असेल त्याचं पण नाव घ्यायच्या, तिथं धन्यवाद नाही म्हणायच्या, नुसतं नाव घेऊन थांबायच्या आणि मग पुढचं नाव. मी विचारलं इथं काय म्हणता मनात, तर म्हणाल्या काही नाही, त्याला माहीत आहे मी रागावलेली आहे.

तेव्हापासनं मी पण हात धुताना करते. मंडळीपुढं कसं बोलायचं ह्याचं उत्तर मात्र माझ्याकडं नाही, मला स्टेजवर पाय कापतात.

दहा_दिवसाचं_बिल
नमस्कार मंडळी, मी चिखलीकडचा, दुधाचा धंदा हाय घरचा. पुराचं नाव निघालं म्हणून लिहायलोय.

२०१९ ला आमचं गेलं. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला धोक्याची पातळी ४३ फूट, पाणी ५५ च्या वर गेलं तवा, हायवे बंद, चारी बाजूनं पाणी. आमी माडीवर, जनावरांची दावी सोडली, काय पोहून गेली काय गेली. पाणी उतरल्यावर गोठ्यात आलो तर वास येवढा की आत जाववंना. रिकामा गोठा बघितल्यावर काय वाटतं ते ज्याच्या घरात दुधाच्या बिलावर चूल चालती त्यालाच कळंल.

त्या रविवारी भक्ती शाळेत झाली, कारण चर्चमधी चिखल. बाहेरनं आलेल्या एका पाव्हण्या पाळकानं संदेश दिला की सर्व स्थितीत उपकारस्तुती करा. खरं सांगतो मला उठून जावं वाटलं. येवढ्यात आमची आज्जी, वय झालेलं, लिवता वाचता येत न्हवतं तिला पण वचनं तोंडपाठ, ती बसल्या जागी मोठ्यानं बायबलातलं हबक्कूक म्हणाया लागली. अंजीर फुललं न्हाई, द्राक्षाला फळ न्हाई, मेंढवाड्यात मेंढरू न्हाई, गोठ्यात गुरं न्हाईत. येवढं म्हणली आणि थांबली. सगळं चिडीचूप. तिला पुढचं ‘तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन’ येत हुतं की, पण त्या दिवशी तिनं ते म्हटलं न्हाई. पाव्हणे पाळक पण गप्प झाले. पुढच्या म्हैन्यात भावानं एक रेडी आणून बांधली, तवा सकाळी धार काढायच्या टायमाला गोठ्यात येऊन तिनं उरलेली ओळ म्हटली. रेडी अजून गाभण पण न्हवती.

तर ताई, घाई करायची न्हाई येवढंच म्हणतो. तुमची ओळ तुमी म्हणा, पण मैत्रिणीची ओळ तिला तिच्या टायमाला म्हणू द्या.

निळी_छत्री
दादा हे वाचून मी स्वयंपाकघरात जाऊन आले जरा.

पेटीवाला
नाद खुळा आज्जी. हबक्कूकचं पुस्तक सुरूच मुळात तक्रारीनं होतं, परमेश्वरा मी किती वेळ ओरडू आणि तू ऐकायचं नाहीस. आम्ही शेवटचा अध्यायच तेवढा उचलतो गाण्यासाठी. मी माझं वरचं ‘बिनधास्त द्या’ मागं घेत नाही पण जरा थांबून लिहायला पाहिजे होतं.

रंकाळा_वॉक
मी ख्रिश्चन नाही, घरी वारकरी वातावरण, आईचं जोतिबाला जाणं-येणं असतं. धागा आवडला म्हणून विचारतोय, चुकीचं वाटलं तर सांगा. आमच्याकडं नवस असतो, झालं काम की फेडायचा, व्यवहार स्वच्छ, कुणाला काही वाटत नाही. तुमच्यात ही साक्ष म्हणजे नवस फेडणंच का? आणि वारकऱ्यांत बघा, देवाकडं मागायचंच नाही, नाम घ्यायचं बास, तसं काही तुमच्यात आहे का?

जुनं_कंपाउंड
जय ख्रिस्त. मी वयानं तुम्हा सगळ्यांपेक्षा मोठा असणार, नातीनं फोनवर मराठी टाईप करायला शिकवलं आहे, चुका पोटात घाला.

रंकाळा वॉक, चांगलं विचारलंत. नवस आमच्या शास्त्रात पण आहे बरं का, लोकांना माहीत नसतं. स्तोत्र ११६ काढा. तो माणूस मरणातून वाचलेला आहे आणि विचारतो की परमेश्वराच्या एवढ्या उपकारांचा मी उतराई कसा होऊ. पुढच्याच ओळीत म्हणतो मी तारणाचा प्याला उचलीन. म्हणजे गंमत बघा, फेडायचं कसं विचारलं आणि उत्तर काय, तर अजून एक प्याला घेईन! आणि त्याच्या पुढच्या ओळीत नवस फेडीन पण आहे, सगळ्या लोकांसमोर. तर नवस आहे, पण हिशेब मिटत नाही, मिटावा अशी इच्छा पण नाही. मागायचंच नाही असं मात्र आमच्यात नाही, प्रभूनं शिकवलेल्या प्रार्थनेत रोजची भाकर मागायला सांगितली आहे.

आता निळी छत्री, तुझ्या प्रश्नाकडं येतो पोरी. लेवीय ७ कोणी वाचत नाही, कंटाळवाणं वाटतं, यज्ञाचे नियमच नियम. पण तिथं एक नियम आहे. नवसाचा किंवा खुशीचा बली असेल तर त्याचं मांस दुसऱ्या दिवशी पण खाल्लेलं चालतं. पण उपकारस्तुतीचा बली असेल तर त्याच दिवशी संपलं पाहिजे, सकाळपर्यंत तुकडा ठेवायचा नाही. वर भाकरींचा ढीग, बेखमीर वेगळ्या, खमीर घातलेल्या वेगळ्या. मी तरुणपणी ह्याच्यावर विचार करायचो की असं का असेल. कारण शास्त्रात लिहिलेलं नाही, पण तुम्हीच सांगा, एक अख्खं जनावर एका घराला एका दिवसात संपतंय होय? कोल्हापुरात सुद्धा संपायचं नाही! म्हणजे गल्ली बोलवावी लागणार. ज्याला मिळालं त्याला त्याच दिवशी, ज्याला नाही मिळालं त्याला शेजारी बसवून जेवू घालायला लागणार. आणि स्तोत्र २२ मधे हेच दिसतं, वधस्तंभावर प्रभूनं जे उच्चारलं तेच स्तोत्र, माझ्या देवा तू माझा त्याग का केलास, ते पुढं जाता जाता म्हणतं की महामंडळीत मी तुझी स्तुती करीन, नवस फेडीन, आणि लगेच खाली काय, तर दीन लोक जेवून तृप्त होतील. स्तुतीच्या ओळीला जेवणाची ओळ चिकटलेली आहे.

तर आपण काय केलं की जेवण काढलं आणि माईक ठेवला.

आमच्या लहानपणी मिशनच्या कंपाउंडात साक्ष कमी आणि ताटं जास्त फिरायची. कुणाच्या घरी पोरगं पास झालं, कुणाचा ताप उतरला, की संध्याकाळी घरभक्ती, दोन गाणी, एक प्रार्थना आणि मग सगळ्यांना कालवण-भाकरी. भाषण करायला येत नव्हतं कुणाला. १८५२ साली अमेरिकन मिशनरी वाइल्डर साहेब कोल्हापुरात आले तेव्हापासून मिशननं शाळा काढल्या, दवाखाने काढले, पण हे ताट फिरवणं काही मिशनऱ्यांनी आणलेलं नव्हतं, ते आमच्या बायकांचं होतं.

नाईट_ड्युटी
काका ‘जेवण काढलं आणि माईक ठेवला’ हे मी आमच्या पाळकांना पाठवणार आहे, नाव न सांगता.

खवचट_मिरची
काका, मानलं. पण माझी एक शंका राहतेच. पुराच्या बाबतीत ही स्तुती-बिती आली की खरा प्रश्न बाजूला पडतो. पाणी कुणाच्या पायरीला थांबलं हे देवानं ठरवलं की पूररेषेच्या आत बांधकामाला परवानगी कुणी दिली ह्यानं ठरलं? निळी रेषा लाल रेषा नकाशावर, आणि अपार्टमेंट ओढ्यात. धरणातनं पाणी कधी सोडायचं, किती सोडायचं, ह्याच्यावर दर पावसाळ्यात भांडणं. मग ज्याचं घर वाचलं त्यानं देवाचे आभार मानायचे आणि ज्याचं गेलं त्यानं ‘सर्व स्थितीत’ म्हणत गप्प बसायचं, हे ज्यांच्या चुका आहेत त्यांच्या किती सोयीचं आहे.

दहा_दिवसाचं_बिल
मिर्ची भाऊ तुमचं बरोबर हाय. आमी आभार बी मानलं आणि मोर्चाला बी गेलो. पंचनाम्याच्या रांगेत बी हुतो. आज्जीनं दोन्हीला पाठवलं.

जुनं_कंपाउंड
मिरची, स्तोत्रसंहितेत दीडशे स्तोत्रं आहेत त्यातली तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास तरी रडगाणी आणि तक्रारी आहेत, काही तर अन्याय करणाऱ्यावर इतकी चिडलेली की भक्तीत वाचायला संकोच वाटतो. ८८ वं तर अंधारातच संपतं, शेवटाला सुद्धा उजेड नाही. आणि तरी ह्या सगळ्या पुस्तकाला इब्री, म्हणजे हिब्रू लोक जे नाव देतात त्याचा अर्थ स्तुतिगीतं. देवापुढं भांडणं पण त्या पुस्तकात स्तुतीच्याच कप्प्यात ठेवलंय. भांडण मिटवून मगच देवळात या असं कुणी म्हटलेलं नाही, म्हणजे देवाशी असलेलं भांडण म्हणतोय मी, भावाशी असेल तर मत्तय ५ प्रमाणे आधी ते मिटवा.

आणि माणसांचे आभार. नावेतनं ज्यांनी काढलं, एनडीआरएफची पोरं, नेव्हीची पोरं, तालमींची पोरं, त्यांचं नाव साक्षीत का येत नाही? पौल बहुतेक पत्रं सुरू करतानाच म्हणतो तुमच्याबद्दल मी देवाचे आभार मानतो. गलतीकरांच्या पत्रात मात्र नाही, तिथं तो भडकलेला आहे.

पेटीवाला
विषयाला सोडून थोडं, पण गाण्यांवर पण हेच आहे. आमच्याकडं आता ‘प्रेझ अँड वर्शिप’ म्हणजे प्रोजेक्टर, कीबोर्ड, ड्रम, आणि सगळी गाणी फास्ट, सगळ्या गाण्यात विजय. मला ड्रमचा राग नाही, पोरं छान वाजवतात, पण ज्याच्या घरी काल मयत झालंय त्यानं टाळ्या वाजवायच्या कशा? ‘उपासना संगीत’ ह्या गीतपुस्तकातली जुनी भजनं त्या मानानं माणसाला बसायला जागा देतात. नारायण वामन टिळकांनी अभंग ओव्यांत लिहून ठेवलं म्हणून आमच्या आज्यांना पाठ झालं, नाहीतर इंग्रजी चालीवर शब्द बसवलेली गाणी म्हणताना निम्मी मंडळी नुसते ओठ हलवायची. टिळक १९१९ ला गेले, शंभराच्या वर वर्षं झाली, आणि अजून मयताला आणि बारशाला दोन्हीकडं त्यांचंच भजन निघतं. असं एक तरी फास्ट गाणं दाखवा.

शिफ्ट_बी
ओ पेटीवाले, ड्रम मी वाजवतो (तुमच्या चर्चला नाही, दुसऱ्या). मयत झालेल्याला टाळ्या वाजवा असं आम्ही म्हणत नाही. आणि जुन्या भजनाला पेटीवर एवढं रटाळ वाजवतात की झोप येते, मग पोरं येत नाहीत म्हणून परत तुम्हीच ओरडणार. पौल आणि सीला फिलिप्पैच्या तुरुंगात मध्यरात्री गात होते, फटके खाल्लेले, पाय खोड्यात, ते काय हळू आवाजात गात होते काय? बाकीचे कैदी ऐकत होते असं लिहिलंय.

पेटीवाला
ऐकत होते असं लिहिलंय, नाचत होते असं नाही लिहिलेलं

शिफ्ट_बी
बरं. भूकंपानंतर नाचले असतील.

बाय द वे मूळ मुद्द्यावर, मी पण शिरोलीतच, कॉन्ट्रॅक्टवरच. ताई तुम्ही साक्ष द्याच. ज्याचं होत नाही त्याला पण बघायचं असतं की कुणाचंतरी होतं. फक्त ‘विश्वासानं प्रार्थना केली म्हणून झालं’ असं म्हणू नका प्लीज. ते ऐकलं की मी घरी येऊन विचार करतो माझ्या विश्वासात काय कमी आहे. लिस्ट एचआरनं केली, माझ्या विश्वासानं नाही.

निळी_छत्री
शिफ्ट बी दादा, हे फार महत्त्वाचं सांगितलंत.

काल रात्री ह्यांच्याशी बोलले. हे म्हणाले मला पण तेच खटकत होतं पण तुला बोललो नाही कारण तू खूश होतीस. मग आम्ही दोघांनी बसून लिहून काढलं, टाकू का इथं? छोटंच आहे.

“आमच्या घरात काम पक्कं झालं, ह्याबद्दल आम्ही देवाचे आभार मानतो. आम्ही काही फार विश्वासाचे नव्हतो, शेवटी शेवटी तर प्रार्थनेला आईच एकट्या उठत होत्या. ज्या दिवसांत ब्रेक होता त्या दिवसांत ह्या मंडळीतल्या ज्या लोकांनी न विचारता किराणा आणून ठेवला त्यांच्याबद्दल पण आभार. आमच्यासारखंच ज्यांना काम पाहिजे आहे आणि अजून मिळालेलं नाही त्यांच्यासाठी आता सगळ्यांनी उभं राहून प्रार्थना करूया. आणि भक्तीनंतर सगळ्यांनी जेवून जायचं आहे.”

जेवणाचं काकांच्या पोस्टमुळं सुचलं. पहिल्या पगारातनं. मटण परवडत नाही एवढ्या लोकांना, अंड्याचं कालवण आणि भात. आणि मी मैत्रिणीला आधी फोन करून सगळं वाचून दाखवलं. तिला विचारलं हे चालेल का. ती म्हणाली ‘अजून मिळालेलं नाही’ हे काढ, सगळ्यांच्या माना आमच्याकडं वळतील, नुसतं काम शोधणाऱ्यांसाठी म्हण. मग तसं केलं. आणि वर म्हणाली अंडी सोलायला कोण येणार तुझ्याकडं, शनिवारी रात्री मीच येते.

नाईट_ड्युटी
मैत्रीण जबरदस्त आहे तुमची.

खवचट_मिरची
एचआरवाल्याचे आभार राहिले.

निळी_छत्री
ते मिस्टर म्हणतात अजिबात नाही.

जुनं_कंपाउंड
पोरी, छान झालंय. एकच सुचवतो, ‘फार विश्वासाचे नव्हतो’ ह्या ओळीला घाई करू नकोस, सावकाश वाच. त्या ओळीवर कुणालातरी श्वास घ्यायला मिळेल. आणि सासूबाईंना उभं करू नका, खुर्ची द्या.

रंकाळा_वॉक
बाहेरच्यांना येता येतं का हंगामाच्या सणाला? आमच्या गल्लीत चर्च आहे, दर वर्षी लिलावाचा आवाज येतो, हसण्या-ओरडण्याचा, पण आत कधी गेलो नाही. काय असतं नेमकं?

पेटीवाला
या की! आदल्या दिवशी नाहीतर सकाळी सगळे आपापलं पीक आणून वेदीसमोर मांडतात. गुळाची ढेप, उसाची मोळी, भुईमुगाच्या शेंगा, केळीचा घड, आजऱ्याकडचं कोण असेल तर घनसाळ तांदूळ, एखादा कोंबडा पाय बांधून, तो बरोबर संदेशाच्या मधे आरवतो. ज्यांना शेती नाही ते काहीही आणतात, लोणच्याची बरणी, स्वेटर, आमच्याकडं एकानं रिक्षाची एक फेरी फ्री असं चिठ्ठीवर लिहून ठेवलं होतं. भक्ती झाली की लिलाव. नारळ पाचशेला जातो, घेणारा परत लिलावात टाकतो, परत चारशेला जातो. दुधी भोपळ्यावरनं दोन साडू भांडतात, मुद्दाम, किंमत चढवायला. पैसे चर्चच्या आणि गरजूंच्या कामाला जातात.

सुट्टे पैसे घेऊन या आणि उगाच हात वर करू नका, डोकं खाजवायला वर केला तरी बोली धरतात.

रंकाळा_वॉक
आईला घेऊन येतो मग. तिला लिलाव म्हटलं की आवरत नाही.

दहा_दिवसाचं_बिल
ताई, त्या रेडीची आता म्हैस झाली आणि ती कालच व्याली. आज्जी असती तर पयला चीक देवाच्या माणसांस्नी म्हणली असती. तुमचं चर्च कुठलं ते मेसेज करा, शनिवारी टेम्पोवाल्याबरोबर कॅन पाठवतो, खरवस करून घाला सगळ्यास्नी कालवण-भातानंतर. गूळ तुमचा. आणि कॅन परत पाठवायचा, मागच्या टायमाला पाठवलेला अजून आलेला न्हाई.